मुकादमाचं ऐकणं

माझ्या धाकट्या लेकानं, रमेशनं, वेगळी चूल मांडली त्या वर्षी मी शेषराव काळमेघाची दाढी करायला लागले.

आठवड्यातून दोनदा, सकाळी. त्याला खाटेवर उशांना टेकवून बसवायचं, गळ्याभोवती पंचा गुंडाळायचा, फेस लावायचा, आणि हनुवटी दोन बोटांनी वर उचलून वस्तरा गळ्यावरून हळूहळू वर न्यायचा. उजवा गाल लुळा होता. तो ताणून धरल्याशिवाय वस्तरा सरकत नसे. डाव्या डोळ्यानं तो माझ्याकडे पाहत असे. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी गळायचं, ते पुसत राहावं लागे.

"मावशी, जपून बरं!" त्याची सून नंदा स्वयंपाकघरातून ओरडायची. "तुमच्या मांगच्या बाईनं कापलं होतं त्यायले."

"माह्या हातून नाई कापत," मी म्हणायची.

आणि कधी कापलंही नाही. मी त्याला वेळेवर भरवलं, वेळेवर कुशीवर वळवलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, अशी बाई मिळायला नशीब लागतं. त्याचं नशीब माझ्याच हातात होतं. तो जगायला पाहिजे होता. मेलेल्या माणसाला काय सांगणार?

तो पूर्वी कापसाच्या जिनात मुकादम होता. मी आणि माझी धाकटी बहीण गोकर्णा त्याच जिनात कामाला होतो, कापूस पसरवायचो, सरकी ओढायचो. गोकर्णा त्या जिनातच गेली. ती कशी गेली हे दोन माणसांना माहीत होतं, एक मी आणि एक शेषराव. चौकशीत त्यानं एक वाक्य सांगितलं आणि ते सगळ्यांनी खरं मानलं. मी जे सांगितलं ते कोणी मानलं नाही. मग जिन बंद पडला, तो तालुक्याच्या गावी घर बांधून राहिला, आणि माझी उमर तिथल्या तिथं संपत आली. पन्नाशीनंतर गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा मी पाटी घेऊन बसले. मास्तरीणबाई म्हणाल्या, आधी स्वतःचं नाव शिका. मी म्हटलं, आधी 'शेषराव' शिकवा. त्या हसल्या, म्हणाल्या, घरधन्याचं नाव का? मी म्हटलं, हो, असंच समजा.

रमेश वेगळा झाला आणि थोरल्याकडे मला जागा नव्हती, म्हणून मी तालुक्याला कामाच्या शोधात आले. दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं सांगितलं, एका म्हाताऱ्याला लकवा मारलाय, वाचा गेली आहे, घरी राहणारी बाई पाहिजे. तिनं नाव सांगितलं. मी पगार न विचारता हो म्हटलं.

त्या घरात मला कोणी ओळखलं नाही. शेषरावाचा मुलगा विलास तेव्हा लहान होता, आता त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. शेषरावानं ओळखलं की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. पहिल्या दिवशी मी खाटेजवळ गेले तेव्हा त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. पण ते पाणी नंदा गेली तरी येत होतं, मांजर गेलं तरी येत होतं.

हाच माझा छळ होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलण्याचा भाग गेला आहे, समजण्याचा किती उरला ते सांगता येत नाही. 'पापणी मिटा' म्हटलं तर तो मिटत नसे. 'जीभ काढा' म्हटलं तर नुसता पाहत राही. घरातल्यांनी धरून टाकलं होतं की त्याला काही कळत नाही. खाट बैठकीत, टीव्हीसमोर होती, आणि सगळी बोलणी त्याच्या अंगावरून चालत.

"बुढा गेला की इथी एसी लावू," नंदा एकदा म्हणाली. "पाहुणे आले की घामानं भिजतेत."

"हळू बोल," विलास म्हणाला.

"काऊन? त्यायले काय समजते? टीव्हीचा आवाज आन् आपला आवाज, त्यायले सारखंच."

मी त्याची नखं कापत होते. मान वर केली नाही. पण त्या दिवशी मला झोप लागली नाही. जिनातल्या त्या दिवसाबद्दल मी त्याला अजून एक शब्दही बोलले नव्हते. इतकी वर्षं जपून ठेवलेलं बोलणं भिंतीपुढे ओतायचं कशाला? त्याला कळत असेल तरच ते बोलायचं होतं. आणि कळतं की नाही, ते कोण सांगणार?

ते सांगणारी पोरगी नागपूरहून आली. शर्वरी तिचं नाव, पांढरीपांडे. केस बारीक कापलेले, पाठीवर मोठी बॅग. लकव्यानं वाचा गेलेल्या माणसांच्या घरोघर जाऊन ती त्यांचं ऐकणं तपासत होती. डॉक्टरांनी तिला विलासचा पत्ता दिला होता.

"औषध हाय का काई?" विलासनं विचारलं.

"औषध नाही, दादा. त्यांच्यापर्यंत बोलणं किती पोचतं ते पाहायचंय. त्रास काही नाही. डोक्याला एक टोपी घालायची आणि गोष्टी ऐकवायच्या, बस."

टोपी जाळीची होती, तिला वायरी होत्या. शर्वरीनं ती आधी स्वतःच्या डोक्याला लावून दाखवली. नंदा म्हणाली, "बाप्पा! नवरदेवाचं बाशिंगच दिसून रायलं."

"बाशिंगाला निदान फुलं असतात," शर्वरी हसली. "याला नुसता चिकट जेल."

मला ती पोरगी तेव्हाच आवडली. तिला चहा दिला आणि खाली बसून विचारलं, "ही टोपी सांगन का, की यायले समजते का नाई?"

"एकटी टोपी नाही सांगणार, आजी. टोपी फक्त मेंदूतल्या लाटा टिपते. त्या लाटांचा अर्थ लावायला मी सोबत हे आणलंय." तिनं लॅपटॉप उघडला. "यात एक जाळं आहे. खरं जाळं नाही, हिशेबांचं. मेंदू पाहूनच माणसानं त्याची कल्पना काढली. त्याला आम्ही पुष्कळ बोलणं ऐकवलंय. आपल्याकडचं, वऱ्हाडी, बाजारातलं, बसस्टँडवरचं, सगळं. ऐकून ऐकून ते शिकलं."

"पोरासारखं?"

"पोर फार कमी ऐकून शिकतं. याला फार लागतं." तिनं पडद्यावर एकावर एक पट्ट्या दाखवल्या. "याला असे थर आहेत. खालच्या थरांना नुसता आवाज कळतो. सुरू झाला, थांबला, चढला, उतरला. मधल्या थरांना शब्द सापडतात. आणि वरचे थर मागचं सगळं धरून ठेवतात आणि पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज करतात."

मी जिनाचा विचार केला. कापूस एका बाजूनं आत जातो, रोलरमधून रुई एकीकडे निघते, सरकी एकीकडे पडते, मग रुईची गाठ बांधतात. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो, थोडंफार तसंच. आणि गंमत म्हणजे माणसाचा मेंदूही असाच पायरीपायरीनं ऐकतो असं दिसतं. कानाजवळचा भाग जाळ्याच्या खालच्या थरांशी जुळतो. पुढचा भाग वरच्या थरांशी. म्हणून एकच गोष्ट मी जाळ्यालाही ऐकवते आणि आजोबांनाही. त्यांच्या लाटा नुसत्या खालच्या थरांशी जुळल्या, तर त्यांना पावसासारखा आवाज येतोय, एवढंच. वरच्या थरांशी जुळल्या, तर अर्थ पोचतोय."

"मंग पापणी काऊन नाई मिटत ते?"

"समजणं वेगळं आणि सांगितलेलं करणं वेगळं. तो रस्ता तुटला असेल."

"का मिटाची नसन," मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करते.

"आन् हे मशीन? त्याले समजते का?"

तिनं सांगितलं, "अंदाज करतं, एवढं मला माहीत आहे. 'तिनं चुलीवर ठेवलं' म्हटलं की ते पातेलं, तवा, दूध यांची वाट पाहतं. तिथं मी 'जोडे' म्हटलं तर त्याचा अंदाज चुकतो, आणि तो किती चुकला ते मला मोजता येतं. माणसाच्या मेंदूतही बरोबर त्याच जागी लाट उसळते. धक्का बसतो. दोघांना एकाच जागी धक्के बसले की मी समजते, हा माणूस अर्थ धरून ऐकतोय. समजणं म्हणजे एवढंच का, ते मला विचारू नका. माझ्या सरांनाही येत नाही."

धक्का. अंदाज चुकला की धक्का. मी ते दोन शब्द घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासता घासता फिरवत राहिले.

गोष्टी घरातल्याच कोणाच्या तरी आवाजात पाहिजे होत्या, घरात बोलतात त्याच बोलीत. विलास लाजला. नंदा म्हणाली, माझा आवाज फाटका आहे. मग शर्वरी माझ्याकडे वळली.

"आजी, तुम्ही सांगाल? वाचून नको. वाचता येतं का तुम्हाला?"

"येते. पण सांगीन."

"तीन गोष्टी. एक रोजच्या कामाची, एक लहानपणी ऐकलेली, आणि एक तुमच्या मनातली. तिसरी मात्र इथे कोणालाच माहीत नसावी. माहीत असलेल्या गोष्टीत अंदाज करावा लागत नाही, मग मला काही दिसत नाही. तुम्ही ती आजोबांना कधी सांगितलेली नसावी."

"नाई सांगतली."

"नक्की?"

"पोरी, या घरात ते कोणीच कोणाले नाई सांगतलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसलो. पहिली गोष्ट रोडगे कसे करायचे त्याची. सरळ झाली. दुसरी कोल्ह्याची आणि करडईच्या शेताची. तिच्यात घोटाळा झाला. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतं. हुंकारी आली नाही की सांगणारा थांबतो, गोष्ट पुढे जातच नाही. शर्वरीनं सगळ्यांना गप्प राहायला बजावलं होतं. पण मी 'आन् कोल्हा गेला नदीवर' म्हणून थांबले, आणि दाराबाहेरून नंदाची हुंकारी आली, "हूं!"

"वहिनी!" शर्वरी ओरडली.

"माय वो! तोंडातून निघूनच गेली," नंदा म्हणाली. "मावशी थांबल्या न. मंग गोष्ट अडून राहाते."

पुन्हा सांगितली. तीन वेळा सांगितली, कारण दुसऱ्या खेपेला मीच हुंकारीची वाट पाहत बसले. शेवटी शर्वरी समोर बसून नुसती मान हलवत राहिली आणि त्या मानेवर मी कोल्ह्याला शेताबाहेर काढलं.

तिसऱ्या गोष्टीला मी म्हटलं, "तू बी मान नोको हालवू. ही बिनहुंकारीची हाय."

आणि सांगितली. ती अशी:

"एक होती पोट्टी. जिनात कामाले होती. नव्या आलेल्या पोट्ट्या राखीच्या दिवशी मुकादमाले राखी बांधत. तशी चालच होती तथी. राखी बांधली म्हणजे मुकादम वाकड्या नजरेनं पाहात नाई. हिनं बी बांधली. त्यानं खोबऱ्याची वाटी देल्ली. तवापासून पोट्टी त्याले दादा म्हने.

"एक दिवस तिले सरकीच्या गोदामात धाडलं. वरून पाइपानं सरकी पडे, खाली ढीग होये. तो फावड्यानं पसरवाचा. पोट्टी ढिगावर चढली आन् ढीग सरकला. गुडघ्यापर्यंत गेली. निंघाले पाहे, तं अजून खाली जाये. कंबरीपर्यंत गेली. सरकी वरून पडतच होती. तवा ते ओरडली. दादा, मशीन थांबव! दादा बटनापाशीच उभा होता. त्यानं मान वळवली. तिच्याकडे पाह्यलं. खिशात हात घातला. आन् तंबाखू काढली. मळाले लागला.

"मंग बाया धावल्या. फावडे आणले, हातानं सरकी उपसली. लय वेळ उपसली. आन् ते पोट्टी जिवंत निंघाली."

शर्वरीनं बटन दाबलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"आजी, छान सांगितली. ती वाचणार हे मला वाटलंच होतं."

"गोष्टच हाय," मी म्हटलं.

ऐकवणं दुसऱ्या दिवशी झालं. ताळा पाहण्यासाठी आधी विलासला टोपी घातली, मग नंदाला. दोघांनी तिन्ही गोष्टी ऐकल्या. नंदा टोपी काढताना म्हणाली, "कसा हलकट मुकादम होता वो मावशी. बरं झालं वाचली पोट्टी." विलासला दुकानात जायची घाई होती. बाप जिनात होता हे त्याला माहीत होतं, पण मुकादम तर जिनोजिनी असतात.

मग शेषराव. त्याचे पांढरे केस मी ओल्या फडक्यानं पुसले. शर्वरीनं टोपी बसवली, कानाला हेडफोन लावले. मी खाटेच्या पायथ्याशी, त्याला दिसेन अशी, बसले. काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं. रोडगे चालले असतील, कोल्हा चालला असेल. तो छताकडे पाहत होता. डोळ्यातून पाणी गळत होतं, नेहमीसारखंच. चेहऱ्यावर काही हललं नाही. एकदा डाव्या हाताची बोटं चादरीवर सरकली, पण ती अशीही सरकत.

शर्वरी लॅपटॉप घेऊन नागपूरला गेली. हिशेब तिकडे करायचे होते. मी दाढी करत राहिले, भरवत राहिले. ते दिवस मला सगळ्यात लांब गेले. नाही कळत म्हणाली असती, तर मी काय केलं असतं? तो सुटला असता. जिनातून सुटला तसाच, काही न ऐकता.

ती परत आली तेव्हा सगळे बैठकीत होते. नंदानं चहाचा ट्रे आणला होता. शर्वरी खुशीत होती.

"आजोबांना कळतं," ती म्हणाली. "आणि थोडंथोडकं नाही. रोडग्यांच्या गोष्टीत, कोल्ह्याच्या गोष्टीत, त्यांच्या लाटा अगदी वरच्या थरांशी जुळतात. तुमच्या दोघांच्या जुळल्या तितक्याच."

नंदाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "म्हंजे सारं समजते?"

"जवळजवळ सगळं."

"आदीपासून?"

"आधीचं मला कसं सांगता येईल? पण असेल."

नंदा खाटेकडे वळली. "बाबा," ती म्हणाली, "ते एसीचं म्या मजाकमंदी म्हटलं होतं हो."

शेषराव छताकडे पाहत होता. विलासनं टीव्ही बंद केला. किती तरी महिन्यांत तो पहिल्यांदाच बंद झाला असेल.

"फक्त एक गोष्ट मला उलगडत नाही," शर्वरी म्हणाली आणि पडद्यावर तीन रेघा काढल्या. "तिसरी गोष्ट. ही वरची रेघ जाळ्याची, ही तुमची दोघांची, ही आजोबांची. आता इथे पाहा. 'तंबाखू'. जाळ्याला जबरदस्त धक्का. तुम्हा दोघांनाही. साहजिक आहे, सगळ्यांना वाटलं होतं की तो मशीन थांबवणार. आजोबांची रेघ मात्र सपाट. काहीच नाही."

"झोपले असतीन," विलास म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. पण मग शेवट पाहा. 'जिवंत'. इथे जाळं शांत, तुम्ही शांत. गोष्टीतली पोरगी वाचणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि ही आजोबांची रेघ." तिनं बोट ठेवलं. ती रेघ पडद्याच्या वरच्या काठाला टेकली होती. "आख्ख्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी लाट. जिथं सगळे दचकले तिथं ते दचकले नाहीत, आणि जिथं कोणीच दचकलं नाही तिथं ते दचकले. एका माणसाच्या एकदाच्या ऐकण्यावरून मी कुठे काही छापणार नाही. पण असं मी कधी पाहिलेलं नाही." ती माझ्याकडे वळली. "आजी, खरं सांगा हं. ही गोष्ट तुम्ही त्यांना आधी सांगितली होती का?"

हो म्हटलं असतं तर तिचं कोडं सुटलं असतं, ती चहा पिऊन निघून गेली असती.

"नाई," मी म्हटलं.

"मग त्यांना कशी माहीत?"

"ते तथीच होते."

मी उभी राहिले, खाटेजवळ गेले. शेषरावाचा डावा डोळा छतावरून खाली आला.

"पोट्टी माही बहीण. गोकर्णा. जिवंत नाई निंघाली. ते शेवटचं म्या खोटं सांगतलं."

"का?" शर्वरीनं विचारलं.

"म्या गोदामाबाहेरच्या फलाटावर होती. खिडकीच्या जाळीतून पाह्यलं सारं. चौकशीत यानं सांगतलं, मशीनच्या आवाजात मले ऐकू आलं नाई. सारे म्हणाले, खरं हाय, जिनात काय ऐकू येते. म्या म्हटलं, त्यानं तिच्याकडे पाह्यलं, तंबाखू मळली. तं म्हणाले, बाई, जाळीतून काय दिसते? म्हणून मले पाहाचं होतं, याले ऐकू येते का."

"तुम्ही आमच्या घरात—" विलास उठला. "माह्या बापाचं जेवण, दवा, सारं तुमच्या हातात देल्लं होतं आमी!"

"देल्लं न. एक दिवस चुकवलं का?"

"निंघा. आत्ताच्या आत्ता निंघा तुम्ही. आन् तुमी, मॅडम, ते मशीन बंद करा. त्याले काय कळते? मशीनच ते."

शर्वरीनं लॅपटॉप मिटला. "ही गोष्ट मी कुठेही वापरणार नाही," ती मला म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर पुसून टाकते."

"पुसून टाक. माहं काम झालं."

मी माझी पिशवी भरायला लागले. तेवढ्यात नंदा नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्यान त्यायले. मंग उद्यापासून गू-मूत कोण काढीन? तुमी?"

विलास चपला शोधायला लागला.

"मांगची बाई आठ दिवस टिकली नाई. त्याच्या मांगची तं पहिल्याच दिवशी पळाली. बोला न. तुमी काढान का?"

तो बापाकडे पाहायला गेला आणि पाहू शकला नाही. चप्पल घालून दुकानात निघून गेला. मी पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

शर्वरी जाताना सांगून गेली की आता आजोबांशी भरपूर बोला, बोलणं जितकं कानावर पडेल तितकं चांगलं. झालं उलटंच. त्याला कळत नव्हतं तोवर त्याची खाट बैठकीत होती. कळतं म्हटल्यावर त्याच्यासमोर कोणाला तोंड उघडता येईना. विलास-नंदा कुजबुजत, नाहीतर अंगणात जाऊन बोलत. शेवटी पंधरवड्यात त्यांनी खाट मागच्या खोलीत हलवली, बियाण्यांच्या पोत्यांजवळ. टीव्ही बैठकीतच राहिला. विलास दारापर्यंत यायचा, "काय बाबा, बरं हाय न," म्हणायचा आणि जायचा. नंदा ताट ठेवून जायची. दिवसभर त्याच्या कानावर एकच आवाज पडायचा, माझा.

शर्वरीनं सांगितलं होतं तेच मी केलं. रोज दुपारी त्याला जेवू घालून, तोंड पुसून, मी खाटेजवळ बसायची आणि गोकर्णाची गोष्ट सांगायची. रोज वेगळी. ती पालीला कशी घाबरायची. यात्रेतून आणलेल्या बांगड्या तिनं एका दिवसात कशा फोडल्या. तिला दाखवायला आणलेला पोरगा, तिनं त्याच्या मोठ्या कानांवरून केलेली थट्टा, आणि तरी हो म्हटलेलं. मी सावकाश सांगायची. त्याला पुढचा अंदाज बांधायला वेळ द्यायची. कधी गोष्ट लग्नाच्या बोलणीत सुरू व्हायची, कधी विहिरीवर, कधी पोळ्याच्या दिवशी, आणि त्याला कळायचं नाही की आज ती कुठून वळणार. मग मधेच कुठेतरी, बांगड्या भरता भरता, ती सरकीच्या गोदामात जायची. तो डोळे मिटून घ्यायचा. कान मिटता येत नाहीत.

पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, सांगून सांगून एक दिवस माझं मन भरेल. ते भरलं नाही. पण मी थांबलेही नाही. गोकर्णाच्या मी सांगितल्या नाहीत अशा गोष्टी माझ्याजवळ उरल्या होत्या, आणि त्या मी त्याच्यासाठी आठवून आठवून काढत होते. इतकी वर्षं मला तिचं मरणच तेवढं आठवायचं.

विलासनं मला पुन्हा कधी जा म्हटलं नाही. एकदा मात्र दारात उभा राहून त्यानं विचारलं, "मावशी, ते मशीन चुकू शकते न?"

"चुकू शकते," मी म्हटलं.

"मंग?"

"त्यायलेच विचारा."

त्यानं विचारलं नाही.

शेषराव काळमेघ पुढच्या वर्षी, अक्षय तृतीयेच्या दिवशी दुपारी, मी बोलत असताना वारला. माझी बहीण गोकर्णा एकोणीसशे ब्याण्णव सालच्या होळीच्या आदल्या दिवशी मेली. ती एकोणीस वर्षांची होती.